आल्माच्या नावाची फळी

आल्माबाई टॉर्मंडसेन नव्वदीच्या. त्यांचे वडील ‘ऑर्विल डेन’ या लाकडी आगबोटीवर सुकाणू धरायचे. १९३१च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या सरोवरावर वादळ उठलं, बोट आमच्या गावच्या कड्याखाली फुटली आणि ते बुडाले. आल्माबाई तेव्हा तीन वर्षांच्या. बाप कसा दिसायचा तेही त्यांना आठवत नाही. आईने सांगितलेलं तेवढं लक्षात होतं: बाबांनी बोटीवर आपल्या बिछान्याशेजारच्या फळीवर चाकूने तुझं नाव कोरलंय. त्या फळीचा फोटो मिळेल का, असं पत्र त्यांनी कारिनला पाठवलं.

कारिन ओबर्ग ही गेली बारा वर्षं माझी पाण्याखालची जोडीदार; बुडालेल्या बोटींचे फोटो काढते. माझ्याहून पस्तीस वर्षांनी लहान, पण बोलते थोरल्या बहिणीसारखी. पत्र तिने माझ्याच स्वयंपाकघरात मला वाचून दाखवलं. मी कॉफीच्या कपात बघत बसलो. ती फळी मी १९७६ साली पहारीने उचकटून घरी आणली होती.

तेव्हा आम्ही सगळेच आणायचो. कमरेला पहार बांधल्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नसे. कुणाच्या न्हाणीघरात बोटीची गोल खिडकी आरसा होऊन बसलेली, कुणाच्या अंगणात नांगर. बंदी नंतर आली, अक्कल त्याच्याही नंतर. सरोवराचं पाणी गोडं आणि बर्फगार, त्यात लाकडाला कीड लागत नाही. फळी काल रंधा मारल्यासारखी होती. कोरलेलं नाव असेल कुणा खलाशाच्या प्रेयसीचं, म्हणत मी ती सौनाच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीत चुलीशेजारी वाळत ठेवली. असं लाकूड महिनोन्‌महिने हळूहळू सुकवावं लागतं, हे आम्हां दीडशहाण्यांना कुठे माहीत होतं? महिन्याभरात तिच्या ढलप्या झाल्या. त्या मी चुलीत घातल्या. त्या दिवशी सौना छान तापला होता.

हे कारिनला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही. तीन आठवडे नुसता ‘बघू, उतरू’ म्हणत राहिलो.

जूनमधल्या एका सकाळी उतरलो. कारिनने आल्माबाईंना आणून कड्यावर गाडीत बसवलं होतं, पायांवर घोंगडी. आम्ही हवेचे सिलिंडर आणि शिशाची वजनं अंगावर घेऊन गुळगुळीत गोट्यांवरून काठाकडे निघालो.

“म्हाताऱ्या, पडलास तर उचलणार नाही हं. इथेच पुरीन.”

“खणशील कुठे? सगळे गोटेच आहेत.”

हा आमचा नेहमीचा संवाद. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

पाणी चार अंशांचं. ओठ लगेच बधिर झाले. उताराउताराने साठ फूट खाली गेलो, तिथे बोटीचा पुढचा भाग कलंडून पडलाय. कारिन दिवा घेऊन एकेक फळी तपासत होती. तिची हवा संपत आली तरी ती थांबेना. शेवटी मी तिचं मनगट धरलं आणि दिवा रिकाम्या जागेवर वळवला. खिळ्यांची चार भोकं, शेजारी माझ्या पहारीचा चावा. तिने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पाण्याखाली बोलता येत नाही ते बरंच झालं.

काठावर येताच तिने विचारलं, “तुला नेमकी जागा कशी ठाऊक?”

मी सगळं सांगितलं, सौनासकट.

“मूर्खा! तीन आठवडे मला काय नाचवत होतास?” ती गोट्यांवर बसली. मग हळूच म्हणाली, “पाण्याने नेली म्हणून सांगू. नव्वद वर्षांच्या बाईला आणखी काय सांगायचं?”

मोह झाला. नाकबूल कशाला करू? पण पाण्याने त्यांचा बाप नेला असला, तरी फळी पंचेचाळीस वर्षं जपली होती. माझं पाप पाण्याच्या माथी मारायला मन धजेना.

पाणबुड्याच्या ओल्या सूटमध्येच वर गेलो, गाडीच्या दाराशी जमिनीवर बसलो आणि सांगून टाकलं. त्यांनी शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं.

“चुलीत घातलीस?”

“हो, बाई.”

त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी माझा गारठलेला हात धरला.

“म्हणजे तू ती पाहिली आहेस! जिवंत माणसांत तू एकटाच, पोरा. सांग ना, माझ्या नावातला एल उलटा होता का? बाबा शाळेत गेले नव्हते. त्यांना एल कधी सुलटा जमलाच नाही, असं आई हसून सांगायची. अक्षरं खोल होती? खाली आणखी काही कोरलं होतं?”

मी डोळे मिटले. चूल दिसली, पहार दिसली, पाठीवर थाप मारणारे मित्र आणि बिअरच्या बाटल्या दिसल्या. महिनाभर ती फळी माझ्या हाताशी होती, आणि अक्षरं काही केल्या दिसेनात. ‘होता, उलटाच होता’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

“आठवत नाही, बाई.”

कदाचित आठवेल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी माझा हात सोडला आणि घोंगडी नीट केली.

“आवडली म्हणूनच काढलीस ना?”

“हो.”

“मग नीट बघितली का नाहीस रे?”