आई कुणाच्या रिटर्नमध्ये

"मी नाही काढणार आईचं नाव. त्याला काढू दे!" आमच्या ह्यांनी कर खात्याचा कागद टेबलावर असा आपटला, की माझा चहा बशीत आला.

मी कागद उचलून वाचला. गेल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ह्यांनी 'माझ्यावर अवलंबून असलेली आई' म्हणून सवलत घेतली होती. त्याच आईची तीच सवलत धाकट्या भाऊजींनीही घेतली होती. एक आई दोघांच्या रिटर्नमध्ये चालत नाही, असं खात्याचं म्हणणं. एकाने महिन्याभरात सुधारित रिटर्न भरून तिचं नाव काढायचं आणि वाचलेला कर परत करायचा. नाहीतर दोघांनाही दंड.

"अहो, रक्कम काही फार नाही. भरून मोकळे व्हा ना."

"पैशाचं कोण बोलतंय? मी थोरला. आई माझ्यावर अवलंबून नाही, असं माझ्या सहीने लिहून देऊ?"

हे लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. दिवसभर लोकांना वरखाली नेणाऱ्या लिफ्टा नीट करायच्या आणि घरी आलं की स्वतः मधल्या मजल्यावर अडकून बसायचं, अशी ह्यांची तऱ्हा. भाऊजी ॲम्ब्युलन्स चालवतात. तेही त्याच मुशीतले. सासूबाई एक महिना आमच्याकडे, एक महिना त्यांच्याकडे. निळी सुटकेस घेऊन जातात, निळी सुटकेस घेऊन येतात. त्या नसल्या तरी हे त्यांच्या पलंगावर कोणाला झोपू देत नाहीत. माझा सख्खा भाऊ आला तेव्हा त्याला जमिनीवर झोपवलं या माणसाने! ते मी अजून विसरलेले नाही.

झेरॉक्सच्या दुकानात रिटर्न भरून देणारा एकजण बसतो. तो म्हणाला, "जो आईवर जास्त खर्च करतो, त्याने नाव ठेवावं." झालं! रविवारी भाऊजी आईला न्यायला आले आणि दोघे भाऊ खर्च मोजायला बसले.

"दातांचे पैसे मी दिले."

"आणि चष्म्याचे? औषधांचे कोण देतं?"

"हळू बोला हो, आई आत आहेत," मी म्हटलं. पण माझं ऐकतंय कोण?

"हे बघ दादा," भाऊजी हात वर करून म्हणाले, "तू आमच्या पोरीला सायकल घेतलीस, ते मी विसरलेलो नाही. पण आईची गोष्ट वेगळी."

"कसली सायकल?"

"लाल सायकल. वाढदिवसाची. आई म्हणाली, दादाने पैसे दिलेत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सायकल आमच्या स्वप्नातही नव्हती. मग मलाच एक आठवलं.

"भाऊजी, आमचं वॉशिंग मशीन बिघडलं तेव्हा तुम्ही आईंच्या हाती पैसे पाठवले होते ना?"

"मी? वहिनी, मला मशीन बिघडल्याचंच माहीत नाही!"

तेव्हा धाकट्याने पैसे पाठवले म्हणून ह्यांच्या नाकाला केवढ्या मिरच्या झोंबल्या होत्या! दोन दिवस घरात धड बोलले नव्हते. आता दोघे एकमेकांकडे बघत बसले. तेवढ्यात आतून सासूबाई सुटकेस घेऊन आल्या. टेबलावर ठेवून त्यांनी ती उघडली. वर त्यांचे चार कपडे होते. खाली कोणाकोणाच्या पँटा, एक कोट, शाळेचा एक गणवेश, आणि प्रत्येकाला टाचणीने लावलेली चिठ्ठी.

"लाँड्रीवाल्याचं काम आहे," त्या म्हणाल्या. "उंची कमी करायची, चेन बदलायची, अस्तर लावायचं. तुम्ही कामाला गेलात की मी कामाला बसते. सहा वर्षं झाली."

"तू लोकांच्या पँटा शिवतेस, आई?" ह्यांनी एक पँट उचलून चिठ्ठी वाचली.

"मग काय तुमच्या शिवू? तुम्ही जरा उसवली की नवीन आणता."

"आम्ही मेलो होतो का?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस! मी पैसे दिले असते, तर घेतले असते तुम्ही? म्हणून ह्याचे सांगून त्याला दिले, त्याचे सांगून ह्याला. मला वाटलं, त्या निमित्ताने तरी एकमेकांबद्दल चार शब्द बरे बोलाल." आणि त्या डोळ्यांना पदर लावून खाली बसल्या.

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! सहा वर्षं माझ्या घरात हे चाललं होतं, आणि मी केर काढताना एवढे दोरे कुठून येतात म्हणून कुरकुर करत होते.

भाऊजी म्हणाले, "दादा, नाव तूच ठेव. मी काढतो."

"नको, तू ठेव. मी काढतो."

"दोघंही काढा," सासूबाई म्हणाल्या. "कमावत्या बाईची सवलत कसली घेता? आणि माझं रिटर्न भरा."

"आई, रोखीचं काम आहे. कोणाला कळतंय?" भाऊजी म्हणाले. "उगाच तुलाच कर भरावा लागेल."

"लागू दे! आधी मी बापावर अवलंबून, मग नवऱ्यावर, आता तुमच्यावर. हे माझे कष्ट आहेत. ते माझ्या नावावर लिहून हवेत मला."

भाऊजींनी सुटकेस बंद करून स्वतःजवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं त्या दुकानात गेलो. भाऊजींचं काम चटकन उरकलं. ह्यांच्या वेळी मात्र हे खुर्चीच्या कडेला बसून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे टक लावून बघत राहिले. आईचं नाव गेलं, तो रकाना रिकामा झाला.

"पुढच्या वर्षी परत घालता येईल ना?" ह्यांनी विचारलं.

"त्यांनी काम सोडलं तर येईल."

"नाही सोडणार," सासूबाई मागून म्हणाल्या.

मग त्या खुर्चीवर बसल्या. रिटर्नवाल्याने नाव विचारलं, वय विचारलं. व्यवसाय विचारल्यावर त्यांनी जरा ताठ बसून "शिवणकाम" असं सांगितलं.

"तुमच्यावर अवलंबून कोणी, आजी?"

सासूबाईंनी वळून पाहिलं. भाऊजी सुटकेस सांभाळत उभे होते. हे भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर बघत होते. ते कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

"होते दोघं," त्या म्हणाल्या. "आता कोणी नाही, असं लिहा."

कागद छापून आला. वर लिहिलेल्या स्वतःच्या नावाखालून त्यांनी बोट फिरवलं, नीट वाचलं आणि कागद परत त्याच्या हातात दिला.

"दोन काढा," त्या म्हणाल्या. "एक ह्याच्या घरी राहील, एक त्याच्या."