काही टाकू नकोस

पासलीच्या वर डांबरी सडक दमून थांबते आणि पुढे नुसती मेंढरांची वाट उरते. त्या वाटेच्या शेवटाला जासूदमाळ नावाची धनगरांची वस्ती आहे. संस्थानच्या काळात भोरचे निरोप घेऊन डोंगर तुडवणारे जासूद इथलेच. संस्थान गेलं, निरोप मोबाईलवर आले, पण माळावरच्या माणसांचे पाय काही स्वस्थ बसले नाहीत. जासुदाची घुंगुरकाठी अजून भैरवनाथाच्या देवळात उभी असते. ती ज्याच्या हातात असेल त्याला मागून हाक मारायची नाही, आणि कुणी मारलीच तर त्याने वळून पाहायचं नाही, हा इथला कायदा. एरवी शेळीने कुंपण ओलांडलं म्हणून वर्षभर अबोला धरणारी ही माणसं या कायद्यापुढे मात्र गुमान मान तुकवतात.

शेफाली तिथे आली होती कामासाठी. भोरमधल्या एका धावण्याच्या अकादमीकरता मुली निवडायच्या होत्या. ती स्वतः भोरजवळच्या उत्रोलीची, लांब पल्ल्याची धावपटू, आणि शाळेत असल्यापासून मधुमेही. गोड खाऊन होणारा मधुमेह नव्हे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. ते रोज सुईने घ्यायचं, चुकलं की जिवावर बेतायचं. असं शरीर घेऊन धावायचं तर शिस्त लागते, आणि शेफालीची शिस्त जरा जास्तच कडक होती. स्वतःला सूट नाही म्हणून दुसऱ्यालाही देत नसे.

मुक्काम गेनबा आणि कमळाबाईकडे होता. वर पत्रा, बाहेर मे महिन्याचं ऊन. शेफालीने इन्सुलिन टोचायची दोन्ही पेनं कमळाबाईच्या हाती दिली. "आजी, हे माझं औषध. उन्हात खराब होतं. थंड जागी ठेवा."

"काळजीच करू नगं, बाय," कमळाबाई म्हणाली. ती पेनं तिने दोन्ही हातांनी घेतली, देवाचा अंगारा घ्यावा तशी.

खरी चूक कुणाची म्हणायची? थंड म्हणजे किती थंड हे शेफालीने सांगितलं नाही, आणि म्हातारीला ते विचारायची गरज वाटली नाही.

संध्याकाळी चाचणी झाली. अकादमीचे नवे बूट पायात घालायचे, घुंगूर बांधलेली एकेक काठी घेऊन खालच्या ओढ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. गेनबाची नात सोनिया सगळ्यांच्या आधी वर आली, इतकी आधी की बाकीच्यांचे घुंगूर अजून ऐकूही येत नव्हते. पण आली ती अनवाणी. बूट वाटेत करवंदीच्या जाळीवर टाकून दिले होते, ओढणीही तिथेच.

"बूट कुठं आहेत?" शेफालीने विचारलं.

"जड व्हतं, म्हून टाकलं," सोनिया हसत म्हणाली. "धावताना वझं कशाला?"

"दिलेली वस्तू वाटेत टाकून देणारी मुलगी मला नको," शेफाली म्हणाली. सगळ्यांदेखत म्हणाली. पोरीचं हसू तिथल्या तिथे मावळलं. रात्री ती जेवायला चुलीपाशी आलीच नाही, बूट शोधून आणले आणि ते पुसत अंगणात बसून राहिली. शेफालीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण लागली पाहिजे सवय, असं म्हणून तिने ताट पुढे ओढलं, कमळाबाईने पुसून आणून दिलेल्या पेनांनी सुया टोचून घेतल्या आणि जेवली.

पहाटे तिला जाग आली ती तहानेने. तांब्याभर पाणी प्यायली, तरी घशाला कोरड. यंत्रावर रक्त तपासलं तर साखर भलतीच चढलेली. तिने पुन्हा सुई घेतली. उजाडल्यावर आणखी एक. साखर उतरेना. सूर्य वर आला तेव्हा यंत्राला आकडाही दाखवता येत नव्हता, आणि शेफाली दाराबाहेर बसून ओकत होती. श्वास खोल, जोरजोरात चालू झाला होता. हे काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. रक्त आंबायला लागलं होतं. इन्सुलिन मिळालं नाही तर आधी शुद्ध जाईल, मग ती स्वतः.

"औषध उन्हाने गेलं," ती गेनबाला म्हणाली. "येताना वाटेतच तापलं असणार. नवीन पाहिजे. वेल्ह्याला मेडिकलमध्ये मिळेल."

माळावर मोबाईलला रेंज नव्हती. पासलीतली एकुलती जीप लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेली. गेनबाने क्षणभर विचार केला आणि देवळातून काठी आणून सोनियाच्या हातात दिली. "तू पळ. पासलीत कुणाची फटफटी गावली तर बस, न्हाईतर पायानं जा. आमी म्याडमला डोलीत घालून उतरतो. वाटंत भेट."

सोनिया शेफालीसमोर उभी राहिली. पायात बूट होते, नाड्या घट्ट बांधलेल्या. शेफालीने चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून दिलं, सोबत पैसे दिले. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की तिचं तिलाच ओळखू येईना.

"थंड ठेवून आण," ती म्हणाली. "आणि हे बघ, वाटेत काही टाकू नकोस."

"न्हाई टाकत, म्याडम."

कमळाबाईने धावत येऊन पोरीच्या गळ्यात एक थर्मास अडकवला, ओढणीत कसलीशी पुडी खोचली. घुंगूर वाजत वाजत उताराला लागले.

घोंगडी बांबूला बांधून डोली तयार होत होती. शेफालीचं डोकं जड झालं होतं, तरी डोळ्यांसमोरून तो थर्मास हलेना. "आजी, थर्मास कशाला दिला?"

"बरफ घ्याया," कमळाबाई म्हणाली. "आन मिठाची पुडी दिलीया. बरफात मीठ घातलं की त्यो कडक ऱ्हातो, औषद दगडावानी व्हतं. मेंढरांच्या लशीला आमी तसंच करतो. मागं एकदा लस पाघळली तवा कोकरं मेली, डाक्तर लई वरडला. काल सकाळीच लस झाली, बरफ उरला व्हता पेटीत. तुझं औषद बी त्यातच गाडलं व्हतं की. जेवायच्या आदी काढून, पदरात धरून, पाघळवून दिलं तुला."

शेफाली म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिली. इतका जीव लावून केलं होतं बिचारीने. गोठून वितळलेलं इन्सुलिन म्हणजे नुसतं पाणी. रात्रीपासून ती पोटात पाणी टोचून घेत होती, आणि आता पुन्हा तेच पाणी आणायला तिने पोरीला पाठवलं होतं.

"हाक मारा!" ती ओरडली. ओरडली म्हणजे तोंडातून कसाबसा आवाज फुटला. "बर्फात नको! बर्फाने मेलंय ते! हाक मारा तिला!"

गेनबाचा चेहरा पांढरा पडला. त्याने आयुष्यात कधी काठीवाल्याला हाक मारली नव्हती. आज मारली. टेकाडावर चढून, हाताचा कर्णा करून, नातीचं नाव घेऊन मारली. घुंगूर क्षणभरही थांबले नाहीत. आज्याने शिकवलेला कायदा पोरगी पाळत होती, आणि मागे पळून तिला गाठील असं माळावर कुणी नव्हतं. कमळाबाई मटकन खाली बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली. तिचे हात धरायलाही कुणाला वेळ नव्हता.

चौघांनी डोली उचलली. वाट अशी की एकाचा पाय घसरला तर सगळे दरीत. ओकारी आली की थांबायचं, पुन्हा उचलायचं. शेफालीची जीभ टाळूला चिकटली होती. तिला एकच आशा उरली होती, आणि ती आशा धरताना तिला स्वतःची शरम वाटत होती. पोरीने थर्मास जड झाला म्हणून फेकून द्यावा. बर्फ खळखळतोय म्हणून ओतून टाकावा. भैरवनाथा, तिने कालच्यासारखं करावं, माझं ऐकू नये, एवढंच तिने मागितलं. देवाला आजवर तिने एक पदकसुद्धा मागितलं नव्हतं.

ऊन माथ्यावर आलं. निम्मी उतरण झाली होती, तेवढ्यात खालून घुंगूर ऐकू आले.

सोनिया वर आली. फटफटीवाल्याने तिला वेल्ह्याहून पासलीत सोडलं होतं, पुढची चढण तिने एका दमात मारली होती. बूट पायात होते. टाचेपाशी रक्ताने भिजून काळे पडले होते, पण होते. ओढणी कमरेला बांधलेली. काठी हातात. आणि थर्मास तिने तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला होता.

"म्याडम," ती धापा टाकत म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. "काय बी टाकलं न्हाई."

गेनबाने झाकण उघडलं. पेन बर्फात रुतलं होतं. त्याने ते ओढून काढलं, उन्हाकडे धरलं. आत पांढरा खडा झाला होता. त्याने ते शेफालीला दाखवलं. सोनिया आज्याकडे बघे, शेफालीकडे बघे. "काय झालं? थंड हाय की. चुकलं का काय माजं?"

शेफालीला रडायचं होतं, पण डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं. तिने पोरीचा हात धरला. "तुझं नाही चुकलं. माझं चुकलं. बर्फाने हे औषध मरतं. मी सांगितलं नाही." मग तिने श्वास गोळा केला. "बूट काढ."

"म्याडम?"

"काढ. थर्मास टाक. ओढणी टाक. सगळं टाक. पुन्हा जा, आणि औषध नुसतं हातात धरून आण. मुठीत."

सोनियाने आज्याकडे पाहिलं. गेनबाने मान हलवली. तिने खाली वाकून नाड्या सोडल्या, सोलवटलेल्या टाचांवरून बूट ओढताना दात आवळले आणि ते दरीत भिरकावून दिले. थर्मास दगडावर आपटला, मिठाचा बर्फ वाटेवर सांडला. मग चिठ्ठी, पैसे आणि काठी तेवढी घेऊन ती उताराला लागली.

चौघांनी डोली पुन्हा खांद्यावर घेतली. शेफालीने डोळे मिटले. डोळे मिटले तरी कान उघडे ठेवायचे, असं तिने ठरवलं होतं, कारण घुंगूर ऐकू येतायत तोवर ती शुद्धीवर आहे हे तिला कळणार होतं. ते लांब गेले, आणखी लांब गेले, आणि ती ऐकत राहिली.