कॉटरीची तार

वहिनींच्या छातीत पेसमेकर बसला आणि त्यांचे हृदय ताळ्यावर आले. रुग्णालयाचे डोके मात्र आले नाही. वहिनी शस्त्रक्रियागृहातल्या जुन्या सिस्टर. विजेने मांस कापणाऱ्या कॉटरी यंत्राभोवतीचे, पेसमेकरला बाधू शकणारे विद्युतक्षेत्र त्या उभ्या राहतात तिथे मोजावे, ते कमी भरले तरच त्यांना परत घ्यावे, अशी हृदयाच्या डॉक्टरांची अट होती. तोवर मेट्रनने त्यांना चादरींच्या कोठीत बसवले होते. आकडा जास्त भरला तर मुक्काम तिथेच, कायमचा.

मोजणीवाले सुट्टीच्या दिवशी आले, यंत्र बंद असताना मोजून गेले आणि ‘सुरक्षित’ असा शेरा मारून मोकळे झाले. यंत्रदुरुस्ती विभागात काम करणाऱ्या धाकट्या दिराने कपाळावर हात मारला.

“बंद पंख्याखाली उभं राहून वारा नाही म्हणायचं, तसलं झालं हे, भावजी,” वहिनी म्हणाल्या.

तो सर्जनकडे गेला.

“ऑपरेशन चालू असताना मीटर? माझ्या टेबलाजवळ? मुळीच नाही,” सर्जन म्हणाले. “आणि काही होत नाही हो त्या लहरीबिहरींनी!”

“मग टेबल रिकामं असताना यंत्र चालू करून मोजतो.”

“पेशंटशिवाय त्यातून वीज वाहते का? इंजिनियर ना तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी दिराने मटणाचा मोठा तुकडा आणून टेबलावर ठेवला. शिकाऊ डॉक्टर त्याच्यावरच तर हात बसवतात.

“सासूबाई विचारत होत्या, हे शिजवणार कोण?” वहिनी आपल्या जागी उभ्या राहत म्हणाल्या.

सर्जननी चरफडतच कॉटरी हातात घेतली आणि सवयीप्रमाणे तिची लांबलचक तार सिस्टरच्या अंगावरून पलीकडे भिरकावली. मांस चरचरले. वहिनींच्या छातीशी धरलेल्या मीटरचा काटा टोकाला गेला. त्यांनी कोठीची किल्ली तेवढी मुठीत घट्ट धरली.

दिराने तार उचलून सर्जनच्या बाजूने घेतली. काटा खाली आला.

“वा! म्हणजे आता माझ्या छातीवरून?”

“काही होत नाही म्हणालात ना, सर?” वहिनींनी विचारले.

सर्जन घुटमळले. “ही तार टेबलाच्या पायांकडच्या बाजूने नेता येत नाही का? एखादा स्टँड वगैरे?”

असाच स्टँड दिराने अनेकदा मागितला होता आणि प्रत्येक वेळी ‘अनावश्यक’ म्हणून तो नाकारला गेला होता. त्याने मागणीचा तोच कागद सर्जनपुढे सहीला ठेवला. दुपारी स्टँड हजर झाला, संध्याकाळी पुन्हा मोजणी झाली, काटा दोघांपाशीही खालीच राहिला आणि मेट्रनने कोठीची किल्ली परत घेतली.

“एवढं व्हायला सरांची छाती लागली बघा, भावजी,” हातमोजे चढवताना वहिनी म्हणाल्या. “माझी पुरली नाही.”