दोन तोंडांचं कार्ड

घरात दुसरा मॉनिटर आला तो अगदी आयता. नवऱ्याच्या ऑफिसने जुनं सामान मोडीत काढलं, त्यात याच्या वाट्याला एक ऐसपैस पडदा आला. तो काखोटीला मारून येताना त्याने जिन्यातूनच आरोळी ठोकली, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!"

बायकोला त्या दुसऱ्या डोळ्याची गरज होतीच. परक्या भाषेतल्या मालिकांना खालच्या मराठी ओळी, म्हणजे सबटायटल्स, लिहिणं हे तिचं काम. एकाच पडद्यावर अर्ध्यात चित्र, अर्ध्यात मजकूर, आणि दिवसभर इकडून तिकडे उड्या. त्या उड्यांच्या नादात मागच्या आठवड्यात ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं वाक्य भलत्याच प्रसंगात जाऊन बसलं. तरुण गुडघ्यावर बसून लग्नाचं विचारतोय, आणि तरुणी लाजून म्हणतेय, "आधी टाके घाला." संपादकबाईंनी फोनवर हसत हसतच सांगितलं, पण सांगितलं. वर पुढचे दहा भाग पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारपर्यंत मागितले.

अडचण एवढीच, की कॉम्प्युटरच्या पाठीला मॉनिटर लावायची जागा एकच होती. दुसऱ्यासाठी ग्राफिक्स कार्ड हवं. ते निवडायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. नऊ दिवस तो व्हिडिओ बघत होता. पहिल्या दिवशी सगळ्यात स्वस्त कार्ड पुरणार होतं. तिसऱ्या दिवशी "थोडेच जास्त घालून" त्याच्या वरचं. सहाव्या दिवशी त्या कार्डाला वीज पुरेना म्हणून आतला पुरवठा बदलायचा ठरला, आणि नवव्या दिवशी ते सगळं मावायला मोठा डबा.

"म्हणजे नवा कॉम्प्युटरच की!" ती म्हणाली.

"तसं कसं? माउस जुनाच चालेल."

शेजारी मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," म्हणत त्या उठल्या. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कुठली तार कुठल्या भोकात, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. टॉर्च घेऊन त्या टेबलाखाली शिरल्या. डब्याच्या जाडीइतका दोरा मोजून त्याला गाठ मारली, दोन्ही मॉनिटरच्या तारा काढून पिशवीत कोंबल्या, आणि बाहेर येत सुनेला म्हणाल्या, "चल गं. दुकानात जाऊ. हा बसू दे अभ्यास करत."

दुकानातल्या विक्रेत्याने काचेच्या कपाटातून विटेएवढं एक कार्ड काढलं. त्याला तीन पंखे होते.

"आमच्या अख्ख्या घरात दोन आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, याच्यावर कुठलाही गेम धावतो."

"धावू दे. आम्हाला बसून काम करायचंय." त्यांनी दोरा कार्डाला लावला. गाठ अर्ध्यातच आली. "बघ, हे आमच्या डब्यात शिरायचं नाही. शिरलं तर आम्हाला बाहेर झोपावं लागेल."

मागच्या बाकावर उदबत्तीसारखा धूर काढत एक दुरुस्तीवाली बाई तारा डागत होती. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि सुनेला विचारलं, "ताई, काम काय करता?"

नऊ दिवसांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. सुनेने सांगितलं: एका पडद्यावर चित्र, दुसऱ्यावर लिहिणं, बस्स.

"मग याच्यामागे कशाला लागता?" दुरुस्तीवालीने खणातून तळहाताएवढं एक बुटकं कार्ड काढलं. कुठल्याशा ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून निघालेलं, वापरलेलं, पण धडधाकट. "दोन तोंडं आहेत. तुमच्या जुन्याच विजेवर चालेल."

"आणि पंखा?" सासूबाईंनी संशयाने उलटंपालटं केलं.

"तापायला तेवढं काम तर हवं, आजी!"

सासूबाईंनी पिशवीतल्या तारा काढून दोन्ही तोंडांत घालून पाहिल्या. टक्क बसल्या. दोराही पुरला. तरी "नाही चाललं तर?" असं विचारून महिन्याभराची हमी त्यांनी पावतीवर लिहूनच घेतली.

घरी सुनेने स्क्रू काढले, कार्ड बसवलं, बटण दाबलं. दोन्ही मॉनिटर उजळले, आणि दोन्हींवर हुबेहूब एकच चित्र.

"मी म्हणत होतो," नवरा म्हणाला. स्वर दुःखाचा, चेहरा खुशीचा.

"तू थांब," सासूबाई म्हणाल्या. "एकच फोन दोन घरांत वाजतोय, एवढंच झालंय. लाइन वेगळी करायची सोय असणारच कुठेतरी."

सुनेने सेटिंग उघडून शोधलं, आणि होतीच. एक टिचकी मारली तसे पडदे वेगळे झाले. बाण डावीकडच्या पडद्याच्या काठावरून निघून उजवीकडे प्रकटला, तेव्हा सासूबाईंनी चक्क टाळी वाजवली.

मग कामाला जोर चढला. डावीकडे ती लिहायची, उजवीकडे मालिका आपल्या ओळींसकट चालायची. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या त्या हलल्याच नाहीत. दुसऱ्या भागात एका थोराड नर्सने मोठ्या डॉक्टरला झापलं, आणि त्या पोट धरून हसल्या. सुनेच्या लक्षात आलं, की हेडफोन तर आपल्या कानांवर आहेत. गेल्या वर्षापासून टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. घरात सगळ्यांना ते कळत होतं, आणि कोणी बोलत नव्हतं.

"आई, आवाज लावू का बाहेर?"

"कशाला? सगळं लिहिलंय की. किती दिवसांनी एक शब्द न चुकता बघतेय." मग पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांचं ऐकून ऐकून कान झिजले गं माझे."

सुनेने उजवीकडची अक्षरं दोन घरं मोठी केली आणि पुढचा भाग लावला.

रविवारी संध्याकाळी नववा भाग चालू असताना सासूबाईंनी तिच्या कोपराला टोचलं. "ही ओळ फार पटकन पळते. मी वाचतेय तोवर तो दार आपटून गेलासुद्धा."

तिने मागे नेऊन पाहिलं. खरंच, जेमतेम सव्वा सेकंदात अकरा शब्द. तिने त्यांतले सात उडवले आणि पुन्हा चालवलं.

"आता?"

सासूबाईंनी ओठ हलवत ओळ वाचली, पडद्यावरच्या दाराकडे पाहिलं. "हं. आता जाऊ दे मेल्याला."