मी पुसलेलं धुकं

जुनी चित्रं साफ करणं हे माझं काम. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, उत्तरेकडे खिडकी असलेल्या एका लांबट खोलीत मी बावीस वर्षं बसते आहे. काडीला कापूस गुंडाळायचा, द्रावणात बुडवायचा, चित्राच्या नखाएवढ्या जागेवर हलक्या हाताने फिरवायचा, बोळा मळला की टाकून दुसरा घ्यायचा. दिवसाला शे-दीडशे बोळे होतात. या कामाला फार संयम लागत असेल, असं लोकांना वाटतं. संयम माझ्याकडे औषधालाही नाही. या कामाला स्वतःच्या हातावर संशय घ्यायची सवय लागते, आणि इतक्या वर्षांत माझी ती सवय मोडली होती. म्हणून हे सगळं झालं.

शेजारच्या खोलीत चौकटवाले काका बसतात. मोडक्या चौकटी जोडतात, सोनेरी वर्ख लावतात, आणि कानावरची पेन्सिल तासभर शोधतात. काकांचं आणि माझं एक जुनं भांडण आहे. ते प्रतीकवादी चित्रकारांच्या बाजूचे, मी अतिवास्तववाद्यांच्या. चहाचा कप हातात आला की आम्ही सुरू.

"तुमच्या लोकांची चित्रं म्हणजे धुकं, सुस्कारे आणि डोळे मिटलेल्या बायका," मी म्हणायचे. "काय सांगायचंय ते सांगून टाका ना एकदाचं! आमच्याकडे बघा. दिवाणखान्यात मासा तरंगतोय, तर तरंगतोय. लख्ख उजेडात. खवले मोजून घ्या."

"तेच तर म्हणतो मी. तुमचा मासा पहिल्या दिवशी दचकवतो. दुसऱ्या दिवशी तो नुसता मासा असतो. ही माणसं दचकवत नाहीत, बाई. दार अर्धं उघडतात आणि बाजूला उभी राहतात. आत जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

"दार अर्धं उघडं ठेवलं की डास येतात, काका."

यावर ते हसायचे. माझीच सरशी झाली असं मला वाटायचं.

मागच्या वर्षी संचालकांनी अतिवास्तववादाचं मोठं प्रदर्शन ठरवलं. बाहेरून चित्रं येणार होती, पण इथला एकतरी चित्रकार त्यात हवा, असा त्यांचा हट्ट होता. शोधाशोध करताना कोठारात एक चित्र सापडलं. काढणारा शाळेत चित्रकला शिकवायचा. तो जाऊन तीस वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीने लहान घरात राहायला जाताना ते आम्हाला देऊन टाकलं होतं. चित्रात एक तळं, काठावर आपल्याकडे पाठ करून उभी असलेली लहान मुलगी, आणि बाकी सगळीकडे करडं निळसर धुकं. धुक्यात काहीतरी उभट होतं. झाड म्हणा, खांब म्हणा, माणूस म्हणा.

"या मळाखाली काहीतरी आहे," संचालक म्हणाले. "बघा जरा."

दिव्याच्या तिरप्या उजेडात पाहिलं, तर धुक्याखाली रंगाचे उंचवटे दिसले. एक बाई, पाण्यावर उभी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पाण्यावर उभी असलेली बाई म्हणजे आमच्याच पक्षातली की!

आमच्या कामात एक नियम आहे. आधी चौकट काढायची, आणि चौकटीखाली झाकली जाते त्या बोटभर कडेवर द्रावण लावून पाहायचं. काही बिघडलंच, तर ते चौकटीखाली राहतं. मी तीन जागी लावून पाहिलं. पिवळं पडलेलं जुनं वार्निश निघालं, खालचा रंग जागचा हलला नाही. म्हटलं, चला, आपला हात मोकळा.

मधल्या भागात पोचले तेव्हा बोळे निळसर यायला लागले. जुनं वार्निश पिवळं, तपकिरी निघतं. बोळ्यावर निळं आलं की हात थांबला पाहिजे, हे मीच नव्या लोकांना पहिल्या दिवशी बजावते. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, 'काजळी. चित्र बहुधा शेगडीजवळ टांगलेलं असावं.' मला ती बाई बघायची होती. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

त्याच आठवड्यात काका रिकामी चौकट घेऊन दारात आले.

"बाई, आतल्या काठाला निळसर ओघळ आहेत. बघता का जरा?"

"त्या मास्तरांनी ब्रश पुसला असेल."

"सोनेरी चौकटीला?"

"मग चहा सांडला असेल!"

"निळा चहा?"

मी भिंग डोळ्याला लावलं. आमच्याकडे याचा अर्थ, या आता. काका गेले.

तीन आठवड्यांनी बाई पूर्ण बाहेर आली. लुगड्याच्या घड्या, केसांचा भांग, मानेवरची शीर, सगळं लख्ख. आणि जिथे चेहरा असायला हवा तिथे काहीच नव्हतं. सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत, फिकट गोळा. मी खुर्चीवरून उठून ओरडलेच. संचालक धावत आले, बघतच राहिले, आणि म्हणाले, "सापडला! आपला माणूस सापडला!" दुसऱ्या दिवशी ते चित्र जाहिरातीच्या फलकावर गेलं.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी काकांनी चित्र चौकटीत परत बसवायला घेतलं. मी टोक धरायला उभी होते. चित्र खाचेत बसलं, आणि चौकटीवरचे ते निळसर ओघळ मला पहिल्यांदा त्यांच्या जागी दिसले. बरोबर तळ्याच्या रेषेला लागून, डावीकडे आणि उजवीकडे. मला क्षणात सगळं कळलं. मास्तरांनी चित्र पूर्ण केलं, चौकटीत बसवलं, आणि मग सगळ्यात शेवटी, चौकटीसकट उभं करून, त्यावर धुक्याचा पातळ हात फिरवला. म्हणून चौकटीखालच्या कडेवर धुकं नव्हतंच. मी जिथे तपासलं, तिथे तपासायला काही नव्हतं. आणि जिथे होतं, ते मी सतराशे बोळ्यांना लावून कचऱ्यात टाकलं होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही दिसलं होतं.

"खिळे मारू?" त्यांनी विचारलं.

"मारा," मी म्हटलं.

प्रदर्शन लोकांनी डोक्यावर घेतलं. त्या चित्रापुढे रांग असायची. पोरंपोरी पंज्याने स्वतःचा चेहरा झाकून तिच्या शेजारी फोटो काढायची. वर्तमानपत्रात माझं कौतुक छापून आलं. ते कात्रण माझ्या नवऱ्याने कपाटाच्या दाराला चिकटवलं आणि मला रोज कपडे काढताना ते बघावं लागलं.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, मास्तरांची बहीण आली. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, डोळ्यांवर काळा चष्मा. एकटीच बसने आली होती. संचालकांनी माझी ओळख करून दिली, "यांनीच तुमच्या दादांचं चित्र उजेडात आणलं," आणि तिला माझ्या गळ्यात घालून ते निघून गेले.

आजी चित्रापुढे उभ्या राहिल्या. चष्मा काढला, घातला, परत काढला.

"धुकं कुठे गेलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या स्वतःशीच हसल्या.

"थांब, थांब. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना गेल्या महिन्यात. डॉक्टर म्हणालेच होते, आजी, आता सगळं नवीन दिसेल, भिंतीवरचे डागसुद्धा दिसतील. म्हणजे ते धुकं माझ्याच डोळ्यात होतं की काय?"

मी काही मागितलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन मला पळवाट काढून दिली.

"होतं असं कधीकधी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग हळूहळू त्यांचं हसू ओसरलं.

"आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची, दादा पाचाचा. घरात तिचा एक फोटो नाही. मला ती आठवायची नाही. पण या चित्रात दिसायची बघ. तळ्याच्या पलीकडे. कधी हसायची, कधी रागवायची, मी जशी असेन तशी. मला वाटायचं, दादाला ती आठवत असणार, त्याशिवाय का काढली?" त्या चित्राच्या आणखी जवळ गेल्या. "याने तर तोंडच काढलेलं नाही. आणि मी खुळी, जन्मभर त्याचे उपकार मानत बसले."

मागे दोघीजणी चेहऱ्यावर हात धरून फोटो काढत होत्या. खिदळत होत्या.

"आईची अशी चेष्टा का केली असेल गं त्याने?" आजींनी मला विचारलं.

मी त्यांना हाताला धरून बसथांब्यापर्यंत सोडलं. वाटेत उन्हाबद्दल बोलले. बसची पायरी उंच आहे, जपून, असंही म्हटलं. बस गेली, आणि मला स्वतःची इतकी किळस आली की मी तिथल्या बाकावर बसून राहिले. चित्र बिघडवलं ती चूक होती. चुका सगळ्यांच्या होतात. पण या बाईचा भाऊ मी आज, शुद्धीवर असताना, तिच्यापासून काढून घेतला होता.

पुढचे चार दिवस मला कामात हात घालवेना. घरी उगाच नवऱ्यावर खेकसले. कात्रण काढून टाकलं, तर त्याने विचारलं, "का गं?" आणि मी त्याच्यावर पुन्हा खेकसले. शेवटी काकांच्या खोलीत गेले.

"काका, तुम्ही मला अडवलंत का नाही?"

"अडवलं होतं की," ते म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "तुम्ही म्हणालात चहा."

मग संचालकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दार लावून घेतलं. "प्रदर्शन संपू दे, मग बघू. आणि आजींना सांगून काय साधणार? या वयात त्यांना उगाच त्रास." मी स्वतःला चार दिवस हेच सांगत होते, याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते इतकं हलकट वाटलं, की मी तशीच उठले आणि दानपत्रावरचा पत्ता काढून आजींच्या घरी गेले.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आजींनी पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली. मी पाण्याला हात लावला नाही. सगळं सांगितलं. कडेवरची तपासणी, निळसर बोळे, काजळी म्हणून केलेली नोंद, चौकटीचे ओघळ. तुम्ही आलात तेव्हा मला ठाऊक होतं, हेही सांगितलं. तुमच्या डोळ्यांत काही नव्हतं, मी खोटं बोलले.

आजी टेबलावरच्या कापडाची सुरकुती बोटाने सरळ करत होत्या.

"म्हणजे धुकं होतं."

"होतं."

"दादाचं?"

"त्यांचंच. सगळ्यात शेवटी लावलेलं. चित्र चौकटीत बसवल्यानंतर."

त्यांनी तोंडावर हात दाबला. खांदे हलायला लागले. मी बघत बसले, बघण्यावाचून मला दुसरा हक्क नव्हता.

"म्हणजे त्यालासुद्धा आठवत नव्हती," हात बाजूला करून त्या म्हणाल्या. "त्याला ठाऊक होतं, आपल्याला तोंड काढता येणार नाही. म्हणून झाकलं. माझ्यासाठी झाकलं गं त्याने." डोळे पुसून त्यांनी विचारलं, "परत घालता येईल?"

"निळा रंग लावता येईल, आजी. पण तो माझा असेल."

"हं."

त्यांनी मला शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्यासाठी मी तयारी करून आले होते. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चेहरा एकदम उजळला होता.

"पण तू तर बघितलंस ना, पुसायच्या आधी? माझ्यानंतर तूच. इतके दिवस, इतक्या जवळून, भिंगातून. तुला कशी दिसली गं माझी आई?"

हसत होती, असं मी म्हणू शकले असते. त्यांना तेवढंच हवं होतं, आणि खरं-खोटं करायला ते धुकं आता जगात कुठेही नव्हतं. माझ्या ओठांवर ते आलंसुद्धा.

"मी तिच्याकडे पाहिलंच नाही, आजी," मी म्हटलं. "मी मळ बघत होते."

त्यांचा हात तसाच माझ्या गुडघ्यावर होता, आणि मी आणखी काही सांगेन म्हणून त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.