मोहाखालची फुंकर

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा पिपा आहे. म्हणजे होतो. आता मी आगगाडीचा डबा आहे आणि माझ्या पोटात वारा राहतो. माझी लांबी जेमतेम हातभर; पण रुळांवरचा पालापाचोळा उडवून गाडीला वाट करून द्यायचं काम माझ्याकडे आहे. तेव्हा थोडा ताठा मला शोभतो, असं माझं आपलं मत आहे.

आमची गाडी मोहर्लीत धनराजभाऊंच्या बागेत धावते. वाघ बघायला आलेले पाहुणे त्यांच्याकडे उतरतात, आणि जंगलातून परतले की त्यांची मुलं गाडीसमोर उकिडवी बसतात. वीतभर उंचीचं इंजिन, चार डबे, आणि एका भल्यामोठ्या मोहाच्या झाडाला वळसा घालून जाणारे रूळ. हे सगळं चंद्रपूरच्या कय्यूमभाईंनी उभं केलं. त्यांचा धंदा कूलर-मिक्सर दुरुस्तीचा. पण सहा वर्षं, दर सुट्टीला बसने येऊन, त्यांनी हे रूळ हात हात करत वाढवले.

यंदा फाल्गुनात मात्र गाडी रोज पडू लागली. मोहाची आणि शेजारच्या सागाची पानं इतकी गळत, की रूळ दिसेनासे होत. इंजिन पानावर चढलं की आडवं झालंच. एका पाहुण्यांची चिमुरडी त्यावरून रडरड रडली, आणि धनराजभाऊंचा संयम सुटला.

"कय्यूमभाई, रविवारी नवे पाहुणे येऊन राह्यले," ते म्हणाले. "त्या दिवशी गाडी पडली, तर तुमचे रूळ काढून घेऊन जा. मी तिथी झोपाळा लावतो."

कय्यूमभाई चंद्रपूरच्या बसमध्ये बसले. सहा वर्षांची मेहनत जायची होती, आणि हातात आठच दिवस होते.

त्या आठ दिवसांत माझा जन्म झाला. कय्यूमभाईंनी पिपा कापला, पत्रा ठोकून सरळ केला आणि त्याला चाकं बसवली. त्यांची मुलगी नसीम पार्लर चालवते. तिचं केस वाळवायचं यंत्र जळून पडलं होतं. ती म्हणाली, "अब्बा, याची तार जळली, पण पंखा तर चांगला हाये." झालं! तोच पंखा माझं काळीज झाला. फवारणी पंपाची बॅटरी मागच्या डब्यात चढली. पंख्याने पानं ओढून घेऊ नयेत म्हणून पाठीवर मच्छरदाणीची जाळी आली, आणि पुढे रुळाकडे वाकलेलं एक तोंड.

पहिल्या फुंकरीला पान जागचं हललं नाही; मीच उलटा झालो. स्वतःच्या श्वासाने पडलेला प्राणी तुम्ही कधी पाहिला आहे का? नसीम पोट धरून हसली. मग कय्यूमभाईंनी माझं तोंड दोन्ही बाजूंना विभागलं, म्हणजे वाऱ्याचा धक्का दोहीकडे सारखा बसेल. तलावावर मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून जाळ्याचे शिशाचे मणी आणून माझ्या तळाशी ओतले. मी जड झालो आणि माझे पाय रुळावर ठरले.

शनिवारी संध्याकाळी मी पहिल्यांदा मोहाखाली गेलो. मित्रांनो, एवढं मोठं झाड मी कधी पाहिलं नव्हतं. फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस होते आणि खाली गुडघाभर वाटावी इतकी पानं. मला वाटलं, या एवढ्याशा पंख्याने काय होणार? कय्यूमभाईंनी बटण दाबलं. पानं उठली, फडफडली आणि दोन्ही बाजूंना सरली. मी पुढे जात होतो आणि माझ्या मागे जमीन उघडी होत होती. एका फेरीत भागलं नाही, तीस फेऱ्या लागल्या. पण अंधार पडेपर्यंत मोहाखाली शेणाने सारवल्यासारखं स्वच्छ झालं होतं. धनराजभाऊसुद्धा बघतच राहिले. मी तर स्वतःवरच थक्क झालो होतो.

इथेच आमची चूक झाली. कय्यूमभाई पडले शहरातले. मोह पहाटेपासून फुलं टाकतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी मी बाहेर आलो तेव्हा आभाळातून काहीतरी टपटपत होतं. पिवळसर, टपोरी, रसाने भरलेली फुलं! सगळ्या बागेला गोड वास सुटला होता. मी भारावून जोराने फुंकर घातली. एकही फूल हललं नाही. ती रुळाला चिकटून बसली होती. माझ्या चाकाखाली दोन चिरडली, रसावरून चाक घसरलं आणि मी कुशीवर पडलो. पाहुणे दहाच्या सुमाराला जंगलातून परतणार होते. कय्यूमभाई माझ्याशेजारी मातीत बसले आणि त्यांनी डोकं हातात धरलं.

कुंपणाच्या तारेपलीकडे केसरबाई टोपली घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या सासूच्या काळापासून या मोहाची फुलं त्यांच्याच घरची माणसं वेचत आली होती. पण गेल्या वर्षी फुलं पाल्यात हरवू नयेत म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे झाडाखालचा पाला पेटवला, आणि रुळाच्या चार लाकडी पट्ट्या जळाल्या. तेव्हापासून धनराजभाऊंनी त्यांना फाटक बंद केलं होतं.

"भाऊ, मी येऊ का अंदर?" केसरबाईंनी विचारलं.

"मांगच्या साली जाळ लावला ना तुमी?" धनराजभाऊ म्हणाले.

"पाला होता म्हणून लावला. आता पाला कुठी हाये? पहा ना, जमीन कशी चकचक करून राह्यली! मले आगपेटी कायले पायजे?"

धनराजभाऊंनी खाली पाहिलं. मग कय्यूमभाईंकडे पाहिलं. आणि फाटक उघडलं.

मित्रांनो, त्यानंतर मी जे पाहिलं त्याने माझा ताठा पार उतरला. केसरबाईंची बोटं रुळावरून अशी फिरत, की फूल दबत नसे आणि रसाचा थेंब सांडत नसे. दोन रुळांच्या फटीत अडकलेलं फूलही त्या अलगद उचलत. ज्या फुलांपुढे माझा सगळा वारा हरला, ती त्यांच्या हातात आपणहून येत होती. तासाभरात टोपली भरली. कय्यूमभाईंनी ओल्या फडक्याने रूळ पुसले. पाहुण्यांची जीप आली तेव्हा गाडी मोहाला वळसा घालत होती, आणि ती पडली नाही.

झोपाळ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मात्र पावसाळ्यात मला फळीवर ठेवून सगळे विसरले. कुंभारमाशीने माझ्या तोंडात मातीचं घर बांधलं, जाळी धुळीने बुजली. चार महिने मी श्वास कोंडून पडलो होतो. म्हणून हात जोडून सांगतो, ज्या यंत्राने तुमचं काम केलं, त्याची जाळी कधीतरी झटकत जा.

आणखी एक. परवा नसीम म्हणाली, "अब्बा, मोठा पंखा लावू ना. फुलंही उडवंल हा."

कय्यूमभाईंनी माझी जाळी पुसता पुसता मान हलवली. "नाई बेटा. पानं याची. फुलं बाईंची."

तुम्हीही उद्या मोठमोठी यंत्रं बनवाल. बनवा, खुशाल बनवा. फक्त त्यात वारा भरताना एवढं विचारा, की समोर पडलंय ते कुणी वेचायला येणार आहे का.