पाणी कोण घालणार?

“अहो आत्याबाई, त्या ओळीला सकाळीच पाणी झालंय! बुडवताय का बिचाऱ्यांना?”

मालकीणबाईंचा आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाकडून आला तशी आत्याबाईंनी दचकून झारी खाली ठेवली. बावीस वर्षं त्या या रोपवाटिकेत ऑर्किडच्या शेडवर होत्या. येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला घसा कोरडा करून सांगत आल्या होत्या, की बाबांनो, पाणी घालून घालून मारू नका. आणि आज त्यांचंच भान सुटलं होतं.

गेले आठ दिवस हाताला चैन नव्हती. घरमालकाला घर परत हवं होतं. भाच्यानं दुसरीकडे जागा घेतली होती आणि महिनाअखेरीस बिऱ्हाड हलायचं होतं. घरभर खोकी झाली होती. भाचेसुनेनं प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘स्वयंपाकघर’, ‘पुस्तकं’, ‘हॉल’. आत्याबाईंच्या ट्रंकेवर मात्र कुणी काही लिहिलं नव्हतं. नव्या घरात आपण आहोत की नाही, हे त्यांना अजून कळलं नव्हतं आणि विचारायला जीभ रेटत नव्हती. भाचा सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हा त्या महिनाभरासाठी म्हणून भावाकडे आल्या आणि तीस वर्षं राहिल्या. मागल्या वर्षी भाऊही गेला. आता विचारायचं तरी कुणाच्या जोरावर?

“आत्या!”

वळून बघतात तो भाचेसून! लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तिनं या शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, जेवणाच्या सुट्टीत आली असावी. गळ्यात दुकानाचं ओळखपत्र तसंच लोंबत होतं.

“तू इकडे कशी? सोन्या बरा आहे ना?” छत्तिशीच्या भाच्याला त्या अजून सोन्याच म्हणत.

“बरा आहे हो. त्याला काय धाड भरलीय! मी झाड घ्यायला आले. नव्या घरासाठी. ऑर्किड द्या एखादं. सोपं हं, मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

“इतकी वर्षं मी आणू का म्हणायचे, तर कचरा होईल म्हणायचीस.”

“तेव्हा जागा कुठं होती?” ती बोलून गेली आणि उगीचच एका फुलाकडे बघत राहिली.

आत्याबाईंच्या मनाला पालवी फुटली. नव्या घराचं झाड घ्यायला पोर जेवण सोडून आपल्याकडे आली, म्हणजे बोलायलाच आली असणार. त्यांनी पदराला हात पुसले. नवशिक्याला विचारायचे प्रश्न ठरलेले होते. त्यांनी ते सुरू केले.

“खिडकी कुठल्या दिशेला?”

“पूर्वेला. सकाळी दोन तास ऊन येतं, मग नुसता उजेड.”

“छान. हॉलची ना? आणि आतल्या खोलीला?”

झाडाचा आणि आतल्या खोलीचा काही संबंध नव्हता, पण भाचेसुनेच्या ते लक्षात आलं नाही.

“ती अंधारीच आहे हो. पलंग आणि ह्यांचं कामाचं टेबल ठेवलं की संपली खोली. हॉलही म्हणायलाच हॉल. फ्रिजसुद्धा तिथंच ठेवायचाय, स्वयंपाकघरात मावत नाही.”

आत्याबाई मनातल्या मनात त्या घरात शिरल्या. फ्रिज या भिंतीला, सोफा त्या भिंतीला. मधे एक घडीची खाट कशीबशी बसली असती. खिडकीकडे जरा तिरकी लावली तर नक्की बसली असती. त्यांनी ती दोनदा लावून पाहिली.

“हे किती सुंदर आहे, आत्या! लटकणारं.”

“तो व्हँडा. त्याला रोज फवारा लागतो. एक दिवस चुकलीस की रुसलाच. आमच्या मालकीणबाईंसारखा.”

“मी ऐकतेय हं!” शेडच्या टोकाकडून आवाज आला. भाचेसून खुदकन हसली.

“आणि हे?”

“कॅटलिया. वासाला गोड, पण वर्षातून एकदा फुलणार. बाकी अकरा महिने तोंड फिरवून बसतं.”

“घरात असं एक आहे की! त्याला तर वासही नाही.”

दोघी हसल्या. हसता हसताच, बावीस वर्षांच्या सवयीनं, आत्याबाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

“पाणी कोण घालणार?”

“मीच! दुसरं आहे कोण घरात? मी दहा-दहा तास बाहेर, ह्यांना आठवण राहायची नाही. म्हणून तर सोपं…”

ती मधेच थांबली.

आत्याबाई ज्या घरात असतील, त्या घराला सोपं ऑर्किड कशाला लागेल? हे दोघींनाही एकाच वेळी कळलं. भाचेसुनेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती पर्सची चेन उघडायला लागली, मिटायला लागली.

“आत्या, मी खरं तर… हे म्हणाले तूच बोल. मी म्हटलं, तुमची आत्या आहे, तुम्ही बोला…”

“थांब. आधी झाड बघू.”

आत्याबाई फॅलेनॉप्सिसच्या, सगळ्यात सोप्या ऑर्किडच्या ओळीत शिरल्या. समोरची भरगच्च फुललेली कुंडी उचलून दिली असती तरी चाललं असतं. पोरीला काय कळणार होतं? पण त्यांनी एकेक कुंडी उचलली, उजेडात धरली, मुळं पाहिली, ठेवून दिली. तेराव्या कुंडीवर त्यांचा हात थांबला. तीन फुलं उमललेली, सहा कळ्या अजून मिटलेल्या, पानं टणक.

“हे ने. बघ, कुंडी पारदर्शक आहे. मुळं रुपेरी दिसली की पाणी घालायचं. हिरवी असतील तर हात लावायचा नाही, कितीही राहवलं नाही तरी. आठवड्यातून एकदा पुरे. माती नाही घालायची, हे सालीचे तुकडेच त्याला लागतात. आणि फुलं गळली की मेलं म्हणून फेकू नकोस. काही महिने गप्प बसतं, मग देठ काढतं.”

भाचेसून मान हलवत होती. डोळे भरले होते, त्यामुळे तिला मुळं दिसत असतील की नाही, कोण जाणे.

“आणि हे बघ,” कुंडीभोवती कागद गुंडाळत आत्याबाई म्हणाल्या, “मी तुम्हाला सांगणारच होते. मी काही तुमच्याबरोबर येत नाही. मालकीणबाईंनी मला इथली मागची खोली देऊ केलीय. रोजची जाण्यायेण्याची दगदग वाचेल. गुडघे काय म्हणतात ते तुला माहीतच आहे.”

“खरंच?”

“मग काय खोटं? सोन्याला मी सांगेन. तू नको बोलूस.”

भाचेसुनेनं एकदम वाकून त्यांना नमस्कार केला. पाठीवरचं पोतं उतरावं तसे तिचे खांदे सैल झाले. आत्याबाईंना ते दिसलं. तिला दाराशी पोचवून त्या परत आल्या, आणि सरळ मालकीणबाईंच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“बाई, मागची खोली तुम्ही मला दिलीत.”

“मी?” मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “कधी?”

“मघाशी. तुम्ही कामात होता.”

मालकीणबाई हसायला लागल्या, मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं.

“आणि त्यातली कोळशाची पोती कुठं ठेवायची मी? डोक्यावर?”

“वळचणीला रचू. ताडपत्री टाकून.”

दोघींनी मिळून पोती ओढली. एकीचे गुडघे धड नव्हते, दुसरीची कंबर. दर दोन पोत्यांमागे दोघी थांबत आणि एकमेकींच्या म्हातारपणाला नावं ठेवत. तासाभरानं जमीन दिसायला लागली. आत्याबाईंनी केर काढला, मग दार आतून-बाहेरून न्याहाळलं.

“बाई, याला आतून कडी नाही.”

“गोदामाला कशाला आतून कडी? उद्या सुताराला सांगते.”

मालकीणबाई गिऱ्हाईक बघायला निघून गेल्या. आत्याबाई एकट्याच राहिल्या. भावाच्या घरी तीस वर्षं त्या बाहेरच्या खोलीत निजल्या होत्या. तिथून सगळ्यांची ये-जा असायची, दार म्हणून नव्हतंच. त्यांनी हळूच दार लोटून घेतलं. ते परत किलकिलं झालं. पुन्हा लोटलं. मग जिथं कडी येणार होती तिथं तळहात दाबून, बाहेरच्या पावलांचा कानोसा घेत त्या तशाच उभ्या राहिल्या.